पांझरेच्या काठाने : साक्री ते मुडावद

खान्देशची नदी म्हटली की सगळे तापीचंच नाव घेतात. मला मात्र आधी पांझरा आठवते. पिंपळनेरच्या वरच्या अंगाला सह्याद्रीत उगम पावून ती पूर्वेकडे धावते, धुळं ओलांडल्यावर उत्तरेला वळते आणि मुडावदला तापीला मिळते. तिचा काठ सलग बघायचा म्हणून थंडीत निघालो.

साक्री तालुक्यात फड दिसले आणि पाय तिथेच अडकले. नदीत जुना दगडी बंधारा, त्याच्या कडेने निघालेला पाट, पाटाला फुटलेल्या लहान चाऱ्या. मोटर लागत नाही, नुसत्या उताराने पाणी शेतात येतं. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडलेले, तेच फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. इकडे ऊस असेल तर पलीकडे गहू, आणि दरसाल फेरपालट. बहुतेकांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असते. नदीला पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवतात, मग तोटाही सगळ्यांच्या वाट्याला येतो. शेकडो वर्षांपूर्वी हे ज्यांनी बसवलं, त्यांना माझा दंडवत.

फडाला पाणी देणारे पाटकरी फावड्याने चारीचं तोंड फोडत होते. ढेकूळ सरकलं, पाणी जरा घुटमळलं, मग काडीकचरा पुढे ढकलत गव्हाच्या वाफ्यात शिरलं. शेतमालक बांधावर उभा. त्याने फावड्याला हात लावायचा नाही, पाणी पाटकरीच देणार. "आठे पानी कोना एकलानं नही शे, भाऊ," इथलं पाणी कुणा एकट्याचं नाही, असं अहिराणीत म्हणत पाटकरी पुढच्या चारीकडे गेलेसुद्धा.

विहिरी, बोअर आणि वरची धरणं झाल्यावर बरेच फड मोडले. आणि धुळ्यात, एकवीरादेवीच्या देवळाजवळ, याच पाण्यात गटारी मिसळलेल्या बघून जीव तुटतो.

मुडावदला कपिलेश्वराच्या मंदिरापाशी संगम. मुलताईहून सुरतेपर्यंत ७२४ किलोमीटर वाहणारी तापी इथे रुंद आहे, पण फार खाली. दोन्ही काठांना मातीच्या उंच दरडी. शेतं वर, पाणी तळाला. पाट काढायचा तरी कसा? धाकट्या पांझरेला जमलं ते थोरलीला जमलं नाही ते यामुळेच. तापीकाठचा शेतकरी पाणी उपसूनच घेतो. दरडीवरून खाली सोडलेले पाइप जागोजागी दिसतात, आणि मोटर चालते ती वीज असेल तेव्हा, अनेकदा रात्रीची.