नोंदीत नसलेला क्लच

महिन्यापूर्वी आम्ही आमची जुनी गाडी विकली. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये नऊ वर्षे वापरलेली, २०११ सालची छोटी हॅचबॅक. डीलरला दिली असती तर अर्ध्या तासात मोकळा झालो असतो, पण तो देऊ करत असलेली रक्कम मनाला पटेना, म्हणून स्वतःच जाहिरात टाकली आणि तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ गाडी पाहायला आले. वय साठीच्या पुढचे, सोबत नुकतीच गाडी शिकलेली मुलगी, आणि हातात घडी घातलेले दोन छापील कागद.

त्या कागदांवर माझ्या गाडीचा सगळा इतिहास होता. गाडी तीन वर्षांची झाली की येथे दरवर्षी तिची एमओटी नावाची तपासणी करून घ्यावी लागते, आणि तिचा निकाल सरकारी संकेतस्थळावर कोणालाही, केवळ नंबरप्लेटवरचा क्रमांक टाकून, फुकट पाहता येतो. गाडी कोणत्या तारखेला तपासली, तेव्हा किती मैल चालली होती, पास झाली की नापास, नापास झाली तर कशामुळे आणि पास झाली तरी पुढे कशाकडे लक्ष द्यावे, हे सगळे ओळीने लिहिलेले असते. मला हे माहीत होते, कारण गाडी घेताना मीही तेच पाहिले होते. परंतु परका माणूस माझ्याच दारात उभा राहून ते मला वाचून दाखवतो आहे, हा अनुभव निराळा होता. ते म्हणाले, “२०१९ मध्ये डाव्या दिव्यामुळे नापास झाली होती ना?” मग गुडघा टेकून खाली वाकले, मागच्या टायरच्या खाचेत एक नाणे घालून पाहिले आणि समाधानाने मान हलवली, कारण मागच्या वर्षीच्या निकालात तो टायर झिजत आल्याची सूचना होती आणि मी तो बदललेला होता.

मी अंगणात उभा होतो आणि मला साताऱ्याची आठवण येत होती. बाबांनी त्यांची गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याने आपला मेकॅनिक सोबत आणला होता. त्याने बॉनेट उघडून कान लावला, एक्झॉस्टच्या धुराचा वास घेतला, मीटर मागे फिरवलेला नाही ना हे बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवले आणि आईच्या हातचा चहा पिऊन व्यवहार पक्का केला. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तोवर पीयूसीपलीकडे तिच्या तब्येतीची सरकारदरबारी फारशी नोंद होत नाही, त्यामुळे सगळी भिस्त माणसावर. हे मी कमीपणाने लिहीत नाही. त्या मेकॅनिकच्या कानाला जे ऐकू आले असते, ते या दोन छापील कागदांवर नव्हते, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

मात्र कागदपत्रांच्या बाबतीत मला इथली पद्धत निर्विवाद सरस वाटते. बाबांनी टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या अर्जावर, सह्या करून दिल्या, पण घेणाऱ्याने गाडी नावावर करून घेतलीच नाही, आणि तीन वर्षांनी एका अपघाताच्या चौकशीसाठी पोलिसांचा फोन बाबांना आला. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवावे, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नाही. नोंद ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारीही त्याचीच, हे तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्टच केले आहे. इथे मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लॉगबुकवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, अकरा आकडी क्रमांक आणि त्या गृहस्थांचे नाव-पत्ता सरकारी संकेतस्थळावर भरला, आणि दोन मिनिटांत गाडी माझ्या नावावरून उतरल्याचा ईमेल आला. लॉगबुकचा हिरवा तुकडा फाडून त्यांच्या हाती दिला. २०१४ पासून रस्ता-कर गाडीबरोबर जात नाही, म्हणून त्यांनी त्या हिरव्या तुकड्यावरचा क्रमांक वापरून तिथेच नवा कर भरला, फोनवर विमा काढला, आणि मगच किल्ली घेतली. गंमत अशी की ते लॉगबुक मालकीचा पुरावा नाही, असे त्याच्यावरच छापलेले असते, म्हणून साध्या कागदावर दोन पावत्या लिहून दोघांनी सह्या केल्या.

आता क्लचबद्दल. गाडीचा क्लच गेल्या हिवाळ्यापासून जड झाला होता. आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणाला होता की वर्षभर चालेल, फार तर दीड. एमओटीत ब्रेक, दिवे, टायर, स्टीअरिंग, गंज, धूर हे सगळे पाहतात. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था तपासत नाहीत. खासगी विक्रीत विकणाऱ्याने खोटे सांगू नये अशी कायद्याची अपेक्षा असते, पण न विचारलेले दोष स्वतःहून सांगण्याचे बंधन नसते, आणि त्या गृहस्थांनी क्लचबद्दल काहीच विचारले नाही, कारण त्यांचा त्या कागदांवर पूर्ण विश्वास होता.

तरीही मी सांगितले. “क्लच थोडा जड लागतो, चालवून पाहा,” असे म्हणालो. त्यांनी मुलीला शेजारी बसवून एक फेरी मारली, परत येऊन दीडशे पौंड कमी करायला सांगितले आणि मी लगेच केले. मेकॅनिकचे वर्ष-दीड वर्षाचे बोलणे मात्र मी सांगितले नाही. बायकोचे म्हणणे असे की ते सांगायला हवे होते, बाबांनी सांगितले असते. माझे म्हणणे असे की तो मेकॅनिकचा अंदाज होता, दोष मी सांगितला, त्यांनी स्वतः चालवून पाहिले आणि किमतीत तो धरला गेला. यापेक्षा अधिक कोणी करत असेल असे मला वाटत नाही. यावर आमचे दोनदा बोलणे झाले आहे.

परवा टपालाने पत्र आले की मी आता त्या गाडीचा धारक नाही, आणि सोबतच्या दुसऱ्या पाकिटात उरलेल्या महिन्यांच्या कराचा परतावा होता. गाडीचा क्रमांक मला अजून पाठ आहे. रात्री संकेतस्थळ उघडून तो टाकला. कर भरलेला आहे, पुढची एमओटी नोव्हेंबरात आहे. तेव्हा पुन्हा पाहीन, जरी क्लचबद्दल तिथे काही लिहिलेले नसेल हे मला ठाऊक असले तरी.