गुलमर्गमध्ये लहान पोरांसाठी स्की स्कूल बघताना (बेळगावकडून जाणाऱ्यांसाठी)

चार-पाच वर्षांच्या पोरांना स्कीइंग शिकवायचं तर कुठलं स्कूल बघायचं, हे आम्ही गुलमर्गहून आल्यापासून सगळे विचारायलेत, टिळकवाडीतल्या मैत्रिणी, निपाणीची नणंद, तिच्या शेजारणी, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आमच्यासोबत दोन पोरं होती, माझी मुलगी साडेचार वर्षांची आणि दिरांचा मुलगा सहाचा, दोघांनीही त्याआधी बर्फ बघितलेला नव्हता.

माझं मत आधीच सांगते. इतक्या लहान पोरांच्या बाबतीत स्कूलचं नाव, बोर्ड, हॉटेलवाल्याची शिफारस ह्या सगळ्या नंतरच्या गोष्टी. त्या स्कूलमधल्या सगळ्यात लहान पोराच्या शेजारी कोण उभं आहे आणि त्या पोराच्या पायाखालची जागा किती सपाट आहे, एवढं स्वतः जाऊन बघायचं, आणि ते बघितल्याशिवाय ॲडव्हान्स द्यायचा नाही.

हे माझ्या डोक्यात घातलं मामांनी. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेत आणि त्यांचा बर्फातला कोर्स गुलमर्गलाच झालेला. फौजेची तिथली स्की स्कूल डिसेंबर १९४८ मध्ये जनरल थिमय्यांनी सुरू केली, पुढं तीच हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, म्हणजे उंच बर्फाळ डोंगरातल्या लढाईची शाळा झाली, आणि थिमय्या म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या कोडगूचे, हे मामा दरवेळी अभिमानानं सांगतात आणि मलाही ते ऐकायला आवडतं. निघायच्या आधी जेवायला बोलावलं तेव्हा म्हणाले, "अगं, आमाला पाडून पाडून शिकवलं, ते जवानाला चालतंय. पोरगं एकदा भ्यालं की परत बर्फावर उभं राहत नाही बघ. मास्तर बग आदी, मग पैशाचं बोल."

बेळगावहून गोवा एक्सप्रेसनं दिल्ली आणि दिल्लीहून श्रीनगरला विमान. श्रीनगरला मुद्दाम मुक्काम केला, कारण आपलं बेळगाव ७५० मीटरच्या आसपास, श्रीनगर १,६०० च्या जवळ आणि गुलमर्ग साधारण २,६५० मीटर. २,५०० च्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, आणि एवढंसं पोर काय "डोकं दुखतंय" असं नीट सांगत नाही, ते नुसतं किरकिर करतं, जेवत नाही, आणि आपल्याला वाटतं हट्ट करायलंय. म्हणून गुलमर्गला पोचल्या दिवशी क्लास नाही म्हणजे नाही. एका स्की मास्तरानं दुपारीच सुरू करूया म्हणून फार आग्रह केला, पोरांची तब्येत कशी आहे हेही विचारलं नाही, त्याचं नाव मी तिथंच खोडलं.

वाटेत टंगमर्ग लागतं, तिथून वर १३ किलोमीटर घाट, बर्फ असला की चाकांना चेन लावलेल्या गाडीनंच जायचं. गमबूट-ओव्हरकोट तिथं भाड्यानं मिळतात. आणि हो, आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा, नाहीतर मास्तरांना फोन कुठून लावणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांना ह्यांच्याकडे सोपवून मी आणि जाऊबाई नुसतं बघायला गेलो. गुलमर्गचं गोल्फचं मैदान हिवाळ्यात बर्फाखाली जातं आणि तिथल्या हलक्या उतारांवरच नवशिके शिकतात, पण त्याच भागात लाकडी स्लेज ओढणारे, टुरिस्ट, फोटोवाले अशी सगळी गर्दी असते. एका ठिकाणी मोठी माणसं आणि लहान पोरं एकाच रांगेत उभी केलेली, मास्तर खाली उभा राहून हाका मारतोय, आणि शेवटचं पोर रडायलंय. तिथून पुढं गेलो तर गर्दीपासून लांब, कडेच्या सपाट जागी एक माणूस गुडघ्यावर बसलेला, समोर चारच पोरं. त्यानं बर्फात रंगीत प्लास्टिकचे कप ओळीनं रोवलेले आणि एका मुलाच्या एकाच पायात स्की घातलेली, दुसऱ्या पायात नुसता बूट, आणि मुलगा त्या एका पायावर ढकलत ढकलत कपापर्यंत जायचा, कप उचलून आणून द्यायचा. कितीतरी वेळ दुसरी स्की त्यानं हातातच धरून ठेवली होती. पोराचा तोल आला असं वाटल्यावरच ती पायात घातली. जाऊबाई म्हणाल्या, "हाच." आम्ही तिथंच ठरवलं.

नंतर त्या मास्तरांशी बोलताना कळलं की लहान पोरांचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, वजन वर असतं, त्यामुळे ती मागं रेलून बुटावरच टेकतात, आणि म्हणून त्यांना आधी नुसत्या बुटांवर चालायला, मग एक स्की, मग दोन, मग आडवं पाऊल टाकत चढायला, आणि सगळ्यात शेवटी स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून थांबायला शिकवतात. थांबता येईपर्यंत वरच्या उताराचं नाव काढायचं नाही. हातात काठ्या देत नाहीत, दिल्या तर पोरं त्यांनीच खेळत बसतात.

भाषेचा मुद्दा आपल्याकडच्या लोकांनी नक्की ध्यानात घ्या. आमची पोरं घरात मराठी, शेजारी कन्नड, हिंदी कार्टूनपुरती. मास्तर काश्मिरी, हिंदी चांगली बोलायचे, पण घाबरलेलं पोर हिंदी कुठली ऐकतंय. मी त्यांना थांब, ये, बस आणि सू एवढे शब्द सांगितले, ते त्यांनी दुपारपर्यंत पाठ केले आणि प्रत्येक वेळी हातानं खूण करून म्हणायचे. ज्या मास्तरला हे शिकायची इच्छा आहे त्याच्याकडे पोर सोडायला माझी हरकत नाही.

बुटांकडे मात्र मी स्वतः लक्ष दिलं. स्कीच्या बुटांचा नंबर सेंटीमीटरमध्ये असतो, म्हणून घरीच पायाची लांबी मोजून न्या. भाड्याच्या एका दुकानात पोरीला मोठे बूट देऊन वर "दो मोजे पहना दो" म्हणाले, ते अजिबात ऐकू नका, दोन मोज्यांनी सुरकुत्या पडतात, पाय आवळतो आणि उलट लवकर गार पडतो. एकच लांब, पातळ लोकरी मोजा. उभं राहिल्यावर बोटं पुढं जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की थोडी मागं सरकली पाहिजेत. हेल्मेट मास्तरांकडूनच मिळालं, भुवईच्या वर दोन बोटं बसतं का बघा आणि आत लोकरीची टोपी घालू नका, हेल्मेट सैल बसतं. हातात पाच बोटांचे ग्लोव्हज नकोत, मिटन्स (अंगठा वेगळा, बाकीची बोटं एकत्र) घ्या, बोटं एकमेकांना चिकटून ऊब धरतात. वॉटरप्रूफ मिटन्स मला बेळगावच्या खडे बाजारात मिळाले नाहीत, ऑनलाइन मागवले. गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही पाहिजे, ताज्या बर्फावरून अल्ट्राव्हायोलेट किरण ८० टक्क्यांपर्यंत उलटून येतात.

सरकारी आयआयएसएम (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग) पण गुलमर्गलाच आहे, पर्यटन मंत्रालयाची संस्था, मोठ्यांनी जरूर विचार करावा. पण तिथले कोर्स ठरलेल्या तारखांचे आणि बरेच दिवसांचे, आणि मला पाहिजे होता सकाळचा तासभर क्लास, मध्ये गरम दूध, परत जमलं तर थोडा वेळ. एवढी पोरं मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात, म्हणून जवळ शेगडीची खोली आणि बाथरूम आहे का हे मी उताराइतकंच महत्त्वाचं धरते.

गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या केबल कारचा पहिला टप्पा कोंगडूरीला ३,०८० मीटरच्या आसपास, दुसरा अफरवटला ३,९५० च्या जवळ. कुणी शिकाऊ पोरांना स्कीसकट वर नेऊया म्हणालं तर सरळ नको म्हणा. आम्ही पहिल्या टप्प्यापर्यंत नुसतं बघायला गेलो, पोरं खूश.

आम्ही फेब्रुवारीत गेलो, म्हणजे एलकेजीची सुट्टी काढावी लागली, पण २१ डिसेंबर ते ३० जानेवारी हा चिल्ला-ए-कलान म्हणजे कडाक्याची थंडी, लहानांना ती सोसत नाही. शिवाय जानेवारी २०२४ मध्ये बराच काळ गुलमर्गला बर्फच नव्हता, तेव्हा तिकीट काढताना बदलायची सोय ठेवा. फेब्रुवारीत काश्मीरच्या शाळांना सुट्टी असते आणि तिथली पाच-सहा वर्षांची पोरं उतारावर असतात, गाववाले आपली पोरं ज्याच्याकडे सोडतात तो मास्तर बघा.

पैसे पॅकेजचे एकदम देऊ नका, रोजच्या रोज द्या, सामान धरून की वेगळं ते आधी स्पष्ट करून घ्या, आणि एखाद्या सकाळी पोर नको म्हणालं तर क्लास बुडाला तरी चालेल हेही पहिल्याच दिवशी बोलून ठेवा. आमच्या मास्तरांनी त्या दिवसाचे पैसे घेतलेच नाहीत, पोरीला स्लेजवर बसवून एक चक्कर मारून आणली आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःच बूट घेऊन दारात उभी.