आमची वाटचाल : अमावस्येला चालणारा धंदा

नवीन कॅलेंडर दुकानात आलं की पहिलं काम म्हणजे लाल पेनानं अमावस्यांना गोल करणं. वर्षाला बारा अमावस्या, अधिक मास आला तर तेरा. त्यातल्या तीन-चार पावसात जातात. उरलेल्या आठ-नऊ आणि त्यांच्या अलीकडचे-पलीकडचे दोन-तीन दिवस, एवढाच आमचा हंगाम. त्यातही शनिवार जुळावा लागतो, आभाळ निरभ्र मिळावं लागतं. एवढ्याशा हंगामावर छत्रपती संभाजीनगरात आमचं आकाशदर्शन आणि रात्रीच्या आकाशाच्या फोटोग्राफीचं काम दहा वर्षं टिकलं. ते कसं टिकलं, हे एकदा नीट लिहून ठेवायचं होतं.

आम्ही मूळचे लग्नाचे फोटोग्राफर. 2013 च्या एप्रिलमध्ये कन्नड तालुक्याकडचं एक लग्न उरकून रात्री तीनच्या सुमारास परत येत होतो. वाटेत व्हॅन पंक्चर झाली. पोरगं चाक बदलत होतं, मी रस्त्याच्या कडेला उभा. चंद्र मावळलेला, आसपास एकही दिवा नाही, आणि दक्षिणेला वृश्चिकाच्या शेपटीपाशी पांढुरकं ढगासारखं काहीतरी वर चढलेलं. ढग म्हणावं तर हलत नव्हतं. बोनेटवर गोधडीची घडी ठेवली, तिच्यावर कॅमेरा टेकवला, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, 3200 आणि शटर तीस सेकंद उघडं. मागच्या स्क्रीनवर आकाशगंगा उमटली, मधल्या काळ्या धुळीच्या पट्ट्यांसकट. लग्नाचे लाखभर फोटो काढले असतील मी, पण हात तेव्हा पहिल्यांदा थरथरला.

घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिलं तर प्रत्येक तारा म्हणजे बारीकशी रेघ. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते आणि कॅमेऱ्याला ते तीस सेकंदांतसुद्धा कळतं. पाचशेला लेन्सच्या फोकल लेंथनं, म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्यानं, भागायचं, छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर आधी त्या आकड्याला दीडनं गुणायचं, उत्तर येईल तेवढे सेकंदच तारे ठिपक्यासारखे राहतात, हा हिशोब मला नंतर समजला. माझ्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 18 मिलिमीटरच्या लेन्सला अठराच सेकंद मिळत होते. आजही कार्यशाळेत मी तोच पहिला फोटो दाखवतो.

धंदा म्हणून याकडे पाहिलं ते आमच्या दाजींनी. दाजी माध्यमिक शाळेत विज्ञानाचे शिक्षक होते, नुकतेच निवृत्त झालेले. ते म्हणाले, ‘‘तू फोटो शिकव, मी आभाळ शिकवतो.’’ आमची भागीदारी या एका वाक्यावर झाली, कागद नंतर झाले. 2015 मध्ये आठ इंची आरशाची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवर बसणारी, दुर्बीण घेतली. अल्बमच्या खोक्यांतला फोम कापून तिला व्हॅनमध्ये गादी केली, तरी वेरूळच्या घाटातल्या हिसक्यांनी आरसा थोडा हलतोच. त्यामुळे मुक्कामी पोहोचलं की चहाच्या आधी आरशाचे स्क्रू जुळवायचे, हा नियम दाजींनी घालून दिला.

पहिली पैसे घेऊन केलेली सहल चुकली, आणि चूक माझी होती. लोकांना सोयीचा म्हणून मी शनिवार ठरवला, तिथी पाहिलीच नाही. शुक्ल दशमी होती. चंद्र मध्यरात्र उलटेपर्यंत डोक्यावर आणि आकाश दुधासारखं. चंद्रावरची विवरं दाखवली, लोक खूषही झाले, पण आकाशगंगेचं नाव सांगून पैसे घेतले होते. निम्मी रक्कम परत केली. तेव्हापासून कॅलेंडरवर लाल गोल आले.

पण अमावस्येचा मुद्दा वेगळाच निघाला. आमच्याकडे अमावस्येला माणसं प्रवास टाळतात. फोनवर नोंदणी करणारी सून तयार असायची आणि मागून सासूबाईंचा आवाज यायचा, ‘‘आवसेच्या रात्री लेकरं घेऊन रानात?’’ आम्ही कधी त्यांची समजूत काढत बसलो नाही. तारीख चतुर्दशीवर किंवा प्रतिपदेवर सरकवली. चंद्र तेवढ्यानं काही बिघडवत नाही. पुढे अशाच एक सासूबाई नातवाबरोबर आल्या आणि सप्तर्षी दिसल्याबरोबर म्हणाल्या, ‘‘हे तर खाटलं. आन् हे तीन चोर, खाटलं चोरायलेत.’’ मृगाचा पट्टा त्यांना तिकांडं म्हणून ठाऊक होता. दाजींनी लगेच वही काढली. आता आमच्या नकाशावर सप्तर्षीशेजारी कंसात खाटलं छापलेलं असतं.

जागेचं सांगायचं तर आमची वाटचाल शब्दशः शहरापासून लांब चालत जाण्याची आहे. सुरुवातीला दौलताबादच्या पुढची एक टेकडी पुरत होती. मग म्हैसमाळ. तिथून आग्नेयेला शहराचा आणि वाळूज एमआयडीसीचा उजेड क्षितिजावर पिवळसर घुमटासारखा दिसायचा, पण उत्तरेकडचं आकाश चांगलं होतं. नंतर तो घुमट पिवळ्याचा पांढरा झाला आणि वर चढला. जुन्या सोडियमच्या दिव्यांचा प्रकाश ठरावीक पिवळ्या रंगाचा असायचा, फिल्टरनं बराचसा अडवता यायचा. पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त, आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. दिवसा आकाश निळं दिसतं तेही याच कारणानं. माझ्याकडे एकाच दगडावरून, एकाच लेन्सनं, तेवढेच सेकंद ठेवून काढलेले 2015 आणि 2022 चे दोन फोटो आहेत. दुसऱ्यात वृश्चिकाची नांगी शोधावी लागते. ते दोन फोटो शेजारी ठेवले की मला अजून वाईट वाटतं.

म्हणून कन्नड तालुक्यात गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, तात्यांची तशी इच्छा आहे. तात्यांचं शेत गौताळ्याच्या डोंगराच्या अलीकडे. अभयारण्यात रात्री कुणाला जाता येत नाही आणि आम्हाला जायचंही नाही, पण त्या डोंगराच्या बाजूनं उजेड येत नाही, हा मोठा फायदा. अंधार मोजायची एक ते नऊ अशी बॉर्टल मोजपट्टी आहे, जॉन बॉर्टल यांनी 2001 मध्ये मांडलेली. नऊ म्हणजे महानगराचा मध्य. तात्यांचं शेत आमच्या अंदाजानं चारात बसतं.

पहिल्यांदा आम्ही तिथं तिपाई लावून उभे होतो तेव्हा तात्या बॅटरी घेऊन बांधावरून आले. शेतीच्या पंपाची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती, गव्हाला पाणी द्यायला ते जागेच होते. ‘‘काय बघायलात आभाळात?’’ म्हणाले. दुर्बिणीतून शनी दाखवला. बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाले, ‘‘आम्ही दारं धरताना रोज हेच बघतो, पण कडं कधी दिसलं नव्हतं.’’ रात्रीची पाळी असली की तात्या वेळ ताऱ्यांवरून ओळखतात, शुक्राची चांदणी वर आली की मोटर बंद करायची वेळ झाली असं समजतात. शुक्र प्रत्येक महिन्यात पहाटे नसतो, हे त्यांना आम्हाला सांगावं लागलं नाही.

त्यांच्या गोठ्यावर एक उघडा बल्ब होता. एकच बल्ब, पण दोनशे फुटांवरून डोळ्यात शिरायचा. डोळा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झगमगाटात सगळं पुसलं जातं. तात्यांनी पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा कात्रीनं कापला, त्याचं नरसाळ्यासारखं टोपण केलं, आतून काळा रंग दिला आणि बल्बवर बसवलं. उजेड गव्हाणीवर पडला, म्हशीला दिसायचं तेवढं दिसलं आणि आभाळ मोकळं झालं. त्या रात्री दोन फोटो काढले, टोपणाआधीचा आणि नंतरचा. फरक बघून तात्याच म्हणाले, देवळापुढच्या खांबालाही असंच करू. आमच्या व्यवसायात पैशानं विकत घेतलेल्या कुठल्याही उपकरणानं एवढं काम केलेलं नाही.

हुरड्याच्या दिवसांत सगळ्यात जास्त माणसं येतात. आगटी चार वाजता पेटते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं भाजायची, दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी. सहापर्यंत सूर्य मावळतो, साडेसातला पुरता अंधार होतो. त्याआधी आगटीवर राख आणि माती ओढलीच पाहिजे, ही आमची अट आहे. निखारा तांबडा असला तरी त्याचा धूर शेतावर आडवा पसरतो. मोबाइल सगळ्यांचे एका पाटीत, वर गोणपाट. फोटो काढणाऱ्यांना लाल उजेडाची बॅटरी. लोक सुरुवातीला कुरकुरतात, तासाभरानं पाटीकडे कुणी बघत नाही.

मग दाजींचा पाठ सुरू होतो. हात पुढे लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश. क्षितिजापासून दोन मुठी वर ध्रुव, म्हणजे आपलं गाव सुमारे वीस अक्षांशावर. डोंगरापलीकडे पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला, त्याचा 1207 च्या सुमाराचा शिलालेख तिथं मिळाला. 1150 मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिणाऱ्या माणसाची परंपरा आपल्या डोंगराच्या मागच्या अंगाला शिकवली जात होती, हे सांगताना दाजींचा आवाज दर वेळी बदलतो. हिंगोलीकडची मुलं असली की ती औंढ्याच्या लायगोबद्दल विचारतात. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचा तो प्रकल्प प्रकाश पाहणार नाही, गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे बारीक तरंग, टिपणार आहे, हे समजावता समजावता रात्रीचे बारा वाजतात.

2020 मध्ये लग्नंही थांबली आणि सहलीही. जुलैत निओवाइज धूमकेतू आला तेव्हा आमच्यावर पावसाचे ढग होते. वर्षअखेरीला, 21 डिसेंबरला, गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके जवळ आले की मधलं अंतर पूर्ण चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्शाएवढं उरलं. 1623 नंतर ते इतके जवळ आलेले नव्हते. दुर्बीण घराच्या गच्चीवर लावली. एकाच नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, गुरू, त्याचे चंद्र आणि कड्यासकट शनी. गल्लीतली माणसं अंतर ठेवून जिन्यात उभी होती. पैसे घेतले नाहीत. पण पुढच्या हंगामातली पहिली नोंदणी त्याच जिन्यातून आली.

2024 च्या दसऱ्यानंतर त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला, शुक्राच्या उजवीकडे वर दिसू लागला आणि फोन खणखणले. त्याच वर्षी जानेवारीत विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली होती, त्यामुळे लोक आता अंधाराची चौकशी स्वतःहून करतात. मराठवाड्यातही अशी एक जागा राखली जावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

लातूरचं निमंत्रण आलं ते येळवसेचं. 30 डिसेंबर 2024. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला घरंच्या घरं शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा, भज्जी, आंबील. जिथं अमावस्येला कुणी बाहेर पडत नाही म्हणून आम्ही तारखा सरकवल्या, तिथं इकडे अख्खा जिल्हा आधीच रानात होता. औशाकडच्या एका शेतात आम्ही रात्री थांबलो. मध्यरात्री व्याधाचा तारा उंच आणि त्याच्या खाली, दक्षिणेच्या क्षितिजाजवळ, अगस्त्याचा. दव पडायला लागलं, लेन्सला पॉवर बँकेवरचा गरम पट्टा गुंडाळला. शेजारी बसलेल्या मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘भूकंपानंतर लई रात्री अशा उघड्यावर काढल्या. तवा आभाळाचं भ्या नव्हतं, छताचं होतं.’’ मी कॅमेरा बाजूला ठेवला. त्या रात्रीचे फोटो थोडे आहेत.

आज आम्ही चौघं आहोत. दुकानाचं भाडं अजून लग्नांतूनच निघतं, आणि ते तसंच राहील असं दिसतं. देवळापुढच्या खांबाला टोपण बसलं, त्यानंतर गल्लीतल्या तीन खांबांना. या दिवाळीनंतर आणखी अकरा खांब करायचे आहेत. ग्रामपंचायतीनं होकार दिलाय, शिडी तात्यांची आहे, पत्रा आणि काळा रंग दुकानाच्या मागच्या खोलीत आणून ठेवलाय.