आधी घुम्म, मग हादरा

परवा रात्री पाटणहून आईचा फोन. "झाला गं मगाशी एक. मांडणीवरचे पेले वाजले." लगेच पुढचा विषय गॅस सिलिंडरचा. कोयनेच्या खोऱ्यात भूकंपाची बातमी इतपतच चालते.

आजी मात्र मोजायची. आधी जमिनीखालून घुम्म असा आवाज येतो, मग पत्रा थडथडतो. आवाज आला की ती तोंडातल्या तोंडात "एक, दोन..." सुरू करायची. दोनाच्या आसपास हादरा आला तर "धरणाकडचा". चार-पाच झाले तर "वारणेकडचा असंल".

भूगर्भशास्त्र शिकायला लागल्यावर कळलं, वेधशाळेतही हेच चालतं. पहिली लाट खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते. घुम्म तिचाच. मागून येणारी, घर आडवं हलवणारी लाट साडेतीन किलोमीटरनं. दोघींमध्ये जितके सेकंद, त्याला आठानं गुणायचं, की केंद्र किती किलोमीटरवर ते ढोबळमानानं निघतं.

आकार मोजणं आजीच्या हातात नव्हतं. त्याला भूकंपमापकावरची रेघ लागते, आणि तिथला हिशोब फसवा. एक अंक वाढला की रेघ दहापट उंच, ऊर्जा सुमारे ३२ पट. म्हणजे सहाचा भूकंप चाराच्या दीडपट नसतो, जवळपास हजारपट असतो. आणि तरी त्या अंकावरून घर पडेल की राहील हे कळत नाही. किल्लारीचा १९९३ चा भूकंप आमच्या १९६७ च्या मोठ्या भूकंपाएवढाच होता, पण तिथे दगड-मातीच्या जाड भिंतींवर माळवदाचं ओझं होतं. झोपेतल्या हजारो माणसांवर ते आलं.

आमच्याकडे दोष सगळे धरणाला देतात. अर्धं खरं आहे. खडकात ताण आधीचाच. शिवसागराचं, म्हणजे धरणामागच्या जलाशयाचं, पाणी भेगांत उतरून दाब वाढवतं आणि अडकलेला खडक सटकतो. धरणानं नुसता खटका ओढला. पावसाळ्यात जलाशय भरला की पुढच्या महिन्यांत धक्के वाढतात, हे गावात कुणीही सांगेल.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. ६.३ चा. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. तेव्हा किती मोजलंस, असं मी एकदा आजीला विचारलं होतं.

"तवा कुठं मोजत हुते? एक म्हणायच्या आत भिंत आली."