भुतांचे नगर नेमके कोणते?

चिनी भाषेत ‘ग्वेइचंग’ म्हणजे भुतांचे नगर. हे बिरुद मूळचे फंगदूचे. अलीकडे ते ओस पडलेल्या नव्याकोऱ्या शहरांनाही लावतात. गेल्या शरद ऋतूत मी दोन्ही प्रकारची नगरे पाहून आले.

फंगदू छोंगछिंगच्या हद्दीत, यांगत्सेच्या उत्तर काठावर आहे. तिथल्या मिंगशान टेकडीवर परलोकाच्या राजांची मंदिरे आहेत. हान काळात यिन आणि वांग आडनावांच्या दोघा अधिकाऱ्यांनी इथे तप करून अमरत्व मिळवले, अशी आख्यायिका आहे. ही आडनावे जोडली की ‘यिनवांग’, म्हणजे पाताळाचा राजा, असा अर्थ निघतो. एका श्लेषावर अख्खे तीर्थक्षेत्र उभे राहावे, याची मला मोठी गंमत वाटली. इथला यान्लुओ मात्र आपल्या ओळखीचा, कारण बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये गेलेला आपला यमराजच तो. त्याच्या दरबारात जन्ममृत्यूची वही सांभाळणारा अधिकारी पाहिल्यावर चित्रगुप्त आठवल्याशिवाय राहत नाही.

मृतात्म्याची परीक्षा घेणारा नाइह पूल प्रत्यक्षात काही पावलांतच संपतो. वर थ्येन्त्स मंदिरासमोर एक गोलसर दगड आहे, त्यावर एका पायावर तोल सावरता आला तर माणूस पुण्यवान ठरतो. मी दोनदा घसरले. मागे रांगेत उभ्या असलेल्या आजोबांनी मात्र हात पसरून, डोळे मिटून, सहज तोल सांभाळला आणि माझ्याकडे पाहून मिस्कील हसले.

टेकडीवरून खाली पाहिले तेव्हा संथ, मातकट पाणी दिसले. जुने फंगदू त्या पाण्याखाली आहे. थ्री गॉर्जेस धरणाच्या जलाशयाची पातळी २०१० साली प्रथमच १७५ मीटरला पोहोचली. या प्रकल्पासाठी बारा लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली आणि फंगदूचे रहिवासी नदीपलीकडच्या नव्या गावात गेले. मंदिरे उंचावर असल्याने भुतांचे बिऱ्हाड तेवढे जागच्या जागी राहिले.

तिथून मी आंतर-मंगोलियातील ऑर्दोसचा कांगबाशी हा भाग पाहायला गेले. कोळशाच्या पैशावर आणि सरकारी जमिनींच्या विक्रीवर उभारलेल्या या शहरात २००६ साली पालिकेची कार्यालये आली, पण माणसे आली नाहीत, आणि २००९ नंतर परदेशी वार्ताहरांनी त्याला भुतांचे नगर म्हणून जगप्रसिद्ध केले. पुढे शाळा आणल्या गेल्या, त्यांच्यामागे पालक आले, आणि आता लोकसंख्या लाखाच्या वर आहे. चंगीझखान चौक अजूनही माणसांच्या मानाने अवाढव्य वाटतो, हे खरे. रात्री हॉटेलच्या खिडकीतून मी समोरच्या इमारतीतले दिवे मोजले, तर निम्म्याहून कमी खिडक्या उजळलेल्या होत्या. सकाळी त्याच इमारतीच्या दारात ट्रॅकसूटचा गणवेश घातलेली मुले वाफाळते पाव खात उभी होती, आणि एक आजी नातवाच्या पाठीवरचे दप्तर ओढून घेऊन त्याला घाई करत होती.