वायर जाळत का नाही, तुम्ही विचारलंत म्हणून

नाशिकमधे सातपूरला माझं पंखे, मिक्सर, कूलर दुरुस्तीचं काम आहे आणि जे दुरुस्तच होत नाही त्यातलं तांबं काढून विकणं हे त्याच्या जोडीला आलंच. मला वायर सोलताना बघून लोक एकच विचारतात, काका एवढं सोलत काय बसता, काडी लावा की, पाच मिनिटात तांबं मोकळं. बाहेर तसं सर्रास चालतं म्हणून विचारतात, तर एकदा नीटच लिहितो.

आधी पैशाचं. तांबं वितळतं १०८५ अंश सेल्सियसला, त्यामुळे उघड्यावर पेटवलेल्या ढिगात ते वितळत नाही, पण काळं पडतं, वर खपली धरते, राख चिकटते आणि बारीक तारा तर हातात घेतल्या की तुटतात. भंगारवाल्याकडे स्वच्छ सोललेल्या तांब्याचा भाव वेगळा, जळक्याचा वेगळा, आणि जळक्याचा खालीच. शिवाय जळका माल घेऊन गेलं की काट्यावरचा माणूस आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि त्याचं काही चुकत नाही, कारण शेतातल्या विहिरीवरच्या मोटरची केबल रात्रीत कापून नेणारे ती ओळखू येऊ नये म्हणून जाळूनच विकायला आणतात. निफाड-दिंडोरीकडचे शेतकरी माझ्याकडे पंप घेऊन येतात, ऐन बागेला पाणी द्यायच्या वेळी केबल गेली की काय हाल होतात ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. त्या मालासारखा दिसणारा माल मला माझ्या हातात नकोय.

पण भाव दोन्हीला सारखा मिळाला असता तरी मी जाळलं नसतं. वायरवरचं प्लास्टिक म्हणजे बहुतेक वेळा पीव्हीसी, आणि शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. ते पेटलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, घसा आणि डोळे जळतात ते त्यानेच. जुन्या वायरींच्या प्लास्टिकमधे शिसंही घातलेलं असायचं, ते धुरात आणि राखेत उतरतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डायॉक्सिन, हे विष तयार व्हायला क्लोरीन लागतो, अर्धवट जळणारं प्लास्टिक लागतं, आणि तांबं स्वतःच ती क्रिया जोरात करून देतं, म्हणजे तांब्याची वायर जाळणं हे साधं प्लास्टिक जाळण्यापेक्षाही घातक. ते हवेत विरून संपत नाही, मातीत बसतं, गवतातून जनावराच्या चरबीत आणि दुधात येतं, कॅन्सर करतं. नाल्याकाठी संध्याकाळी तो काळा धूर दिसतो ना, तिथे बहुतेक वेळा शेजारीच झोपड्या असतात आणि ढीग ढवळायला पोरं असतात. माझा जीव तिथे तुटतो, खरंच.

आता सोलण्याचं. फळीवर खाच पाडून त्यात ब्लेड तिरकं पक्कं बसवायचं आणि वायर त्याखालून ओढायची, जाड वायर सरळ उभी चिरत जाते. उन्हात तासभर ठेवली की प्लास्टिक मऊ पडतं, म्हणून एप्रिल-मेमधे हे काम भराभर होतं, आणि निफाडला पारा खाली गेला की इथेही वायर कडक होऊन ब्लेड घसरतं, तेव्हा हातमोजे पाहिजेतच. चार्जरच्या, हेडफोनच्या बारीक वायरी मी सोलतच नाही, तशाच सालीसकट विकतो, भाव कमी मिळतो पण दिवस वाचतो. हे लोकांना पटत नाही, पण मशीनवर बारीक करून तांबं आणि प्लास्टिक वेगळं करणारे लोक आहेत, त्यांचं काम त्यांना करू द्यावं.

पंख्याच्या, मिक्सरच्या मोटरचं वायंडिंगही लोक जाळतात कारण वार्निशने ते दगडासारखं घट्ट झालेलं असतं. मी एका बाजूची गुंडाळी छिन्नीने कापतो आणि दुसऱ्या बाजूने पक्कडीने ओढून काढतो, निघतं. फक्त आधी ब्लेडने खरवडून बघायचं, कारण आता पुष्कळ स्वस्त मोटरींत अ‍ॅल्युमिनियम असतं आणि वरचं वार्निश लालसर असल्याने ते हुबेहूब तांबं दिसतं, आत पांढरं निघालं की समजायचं. वजनावरूनही कळतं, तेवढ्याच आकाराचं तांबं तिपटीहून जड. डिशच्या केबलची मधली तार चुंबकाला चिकटली तर ती लोखंडाची, वर नुसता तांब्याचा मुलामा.

एवढी मेहनत कशाला असं वाटत असेल तर तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या तांबट लेनमधे जाऊन या. जुने बंब, घंगाळी, हंडे तिथे पिढ्यानपिढ्या मोडीत घेत आले, कारण तांबं कितीही वेळा वितळवलं तरी त्याचा गुण जात नाही, मोटरमधून निघालेलं तांबं उद्या परत मोटरीत जाऊ शकतं. अशी वस्तू राख चिकटवून खालच्या भावात टाकायची हे मला बघवत नाही.

घरी करणार असाल तर मायक्रोवेव्ह उघडू नका, त्याचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीव घेण्याइतका चार्ज धरून असू शकतो. फ्रीजच्या नळ्या कापू नका, नव्या फ्रीजमधला गॅस बऱ्याचदा पेट घेणारा असतो. सर्किट बोर्ड आम्लात बुडवून सोनं काढायचे व्हिडिओ बघून काही करायला जाऊ नका, बोर्ड अख्खे ठेवा आणि नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याला द्या, २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नियमांत रिसायकलरला नोंदणी लागतेच. आणि वायरी सोलायला वेळ नसेल तर पिशवीत भरून आणून द्या, जाळलेल्या मात्र मी घेत नाही.