पुण्याच्या नकाशात हिरवी नदी

सॅटेलाइट इमेजवरून पुण्याचा लँड कव्हर मॅप, म्हणजे कुठे झाडं, कुठे बिल्डिंगा, कुठे पाणी असा नकाशा, करायला घेतला की पहिला घोळ नदीच घालते. उन्हाळ्यात मुळा-मुठेवर जलपर्णी माजलेली असते आणि सॉफ्टवेअर तिला बिनधास्त हिरवळ म्हणून मोकळं होतं. त्याचं तरी काय चुकलं म्हणा, पानं खरीच आहेत, इन्फ्रारेड दणकून परत पाठवतात, एनडीव्हीआय, म्हणजे लाल आणि इन्फ्रारेड उजेडावरून हिरवळ मोजणारा आकडा, झकास येतो. उलट टर्फवरचं प्लास्टिकचं गवत आपल्याला हिरवंगार दिसतं पण इथे लगेच पकडलं जातं.

सेंटिनेल-२ या युरोपियन सॅटेलाइट्सचा डेटा फुकट, १० मीटरचा पिक्सेल, दोन सॅटेलाइट मिळून दर ५ दिवसांनी फेरी, त्यामुळे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. पण नुसत्या रंगावर मे महिन्यातली वेताळ टेकडी आणि सिमेंटचा कोबा यांत फारसा फरक कळत नाही. त्याला उपाय सोपाय, सप्टेंबर-ऑक्टोबरची इमेज शेजारी लावायची, हिरवी झाली ती टेकडी.

झाड की लॉन, हे मात्र उंचीशिवाय सुटत नाही. डीएसएम नावाच्या उंचीच्या नकाशामध्ये छपरं, झाडांचे शेंडे सगळं धरून उंची असते, त्यातून नुसत्या जमिनीची म्हणजे डीटीएमची उंची वजा करायची, उरते ती वस्तूची. वजाबाकी विसरलात तर पर्वती म्हणजे टोलेजंग टॉवर! मग हिरवं आणि ६ मीटर उंच ते झाड, हिरवं नाही पण उंच ती बिल्डिंग, हिरवं आणि सपाट ते लॉन, शेत... आणि परत आपली जलपर्णी, कारण ती पाण्यालगतच तरंगते. तिच्यासाठी पुराने नदी धुऊन निघाल्यावरचीच इमेज शोधायची, तीही ढग नसलेली.

आता फुकटातली उंची. एसआरटीएम हे जगाच्या उंचीचं रडार मोजमाप फेब्रुवारी २००० मधलं, स्पेस शटलवरून घेतलेलं, म्हणजे बालेवाडीचे आत्ताचे टॉवर त्यात नाहीतच. कोपर्निकस डीईएम हे युरोपचं उंचीचं मॉडेल त्यापेक्षा नवं, मूळ रडार डेटा २०११ ते २०१५ चा, पण फुकटात मिळतं ते तेही ३० मीटरचंच. शनिवार पेठेत ३० मीटरात एक वाडा, बोळ, समोरची चार मजली सोसायटी आणि वर एखादा पिंपळ एवढं सगळं बसतं आणि या सगळ्यांना मिळून आकडा एकच. तिथे लायडार (लेझरने मोजलेली उंची) नाहीतर इस्रोच्या कार्टोसॅट सॅटेलाइटच्या स्टिरिओ इमेजेस, म्हणजे एकाच जागेचे दोन कोनांतून घेतलेले फोटो, पाहिजेत. त्या हातात नसतील तर मी पेठांना सरळ 'मिश्र' असा वेगळा क्लास देतो, नकाशाच्या मधोमध करडा ठिपका दिसला तर दिसू दे.